नॉमिनी : बहीण

"अंगठा देते मी. पन पैसं माझ्या हातात नको. शाळंला देऊन टाका," यमुनाबाई म्हणाल्या.

त्यांच्या ओसरीवर आम्ही तिघं बसलो होतो. यमुनाबाई, पोशीरचे सरपंच तात्या आणि मी. मी विमा एजंट. कर्जत आणि खालापूर हा माझा भाग. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. यमुनाबाईंचा धाकटा भाऊ बाळाराम खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर होता. महिन्याभरापूर्वी ड्यूटीवरून खोलीवर आला, छातीत कळ आली आणि गेला. वय अडतीस. लग्न केलेलं नव्हतं. त्याची दहा हजारांची पॉलिसी माझ्याच हातून झाली होती आणि तिच्यावर नॉमिनी म्हणून यमुनाबाईंचं नाव होतं.

नॉमिनी म्हणजे विमेदार गेल्यावर ज्याच्या हाती पैसे द्यायचे तो माणूस. प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे विम्याच्या अर्जावर, त्यासाठी एक रकाना असतो. नाव, नातं, वय. बोटभर जागा.

दहा हजार ही तेव्हा मोठी रक्कम होती. तेवढ्यात गावात शाळेची एक खोली उभी राहिली असती. आणि खोलीची गरज खरीच होती. तिसरी-चौथीचे वर्ग मारुतीच्या देवळात भरत. देवळात भजन असलं की मुलांना सुट्टी.

"आक्का, बाळारामचं नाव दगडात कोरून लावू दारावर," तात्या म्हणाले. "गावाची पोरं जन्मभर वाचतील."

यमुनाबाईंनी मान हलवली. मलाही कल्पना आवडली. खोटं कशाला सांगू, माझा त्यात फायदा होता. दुसऱ्या दिवशी आमच्या मॅनेजरसाहेबांना मी सांगितलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, "चेक जाहीर कार्यक्रमात द्या. फोटो काढा. त्या गावातून दहा प्रपोजल्स तरी निघाली पाहिजेत."

पण त्या ओसरीवर बसून मी घर बघत होतो. भिंतीचा एक कोपरा पावसानं खचलेला. कौलं जागोजाग सरकलेली. यमुनाबाईंनी चहा आणला तो पावलानं उंबरा चाचपत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पन्नाशी नुकतीच उलटलेली, घरात दुसरं कोणी नाही. स्वतःची थोडी भातजमीन होती, बाकी लोकांच्या शेतावर लावणी-कापणीला जायच्या.

मी म्हणालो, "थोडे तुमच्यासाठी ठेवा. डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या."

"नाय. त्या पैशाला हात लावायचा हक नाय मला."

रस्त्यापर्यंत सोडायला आलेल्या तात्यांनी मला त्याचा अर्थ सांगितला. आईबाप लवकर गेले. यमुनाबाईंनी भावाला वाढवलं, सातवीपर्यंत शिकवलं. स्वतःला अक्षर येत नव्हतं. लग्न झालं, नवरा वर्षभरात वारला, त्या परत माहेरी आल्या आणि भावाचं घर चालवू लागल्या. पुढे बाळारामला कारखान्यात नोकरी लागली. मग त्याचं मन डोंगराखालच्या ठाकरवाडीतल्या एका आदिवासी मुलीवर बसलं. यमुनाबाई म्हणाल्या, तिला आणायची असेल तर या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नको. त्यानं ट्रंक उचलली आणि खोपोलीजवळ शिळफाट्याला खोली घेतली. मुलीच्या घरच्यांनी तिचं लग्न भलतीकडेच लावून दिलं. तो एकटाच राहिला. अकरा वर्षं बहीणभावाचं बोलणं नव्हतं.

"नेरळला गाडीत बसलं तर दोन तासांत खोपोली," तात्या म्हणाले. "पन हिनं हट सोडला नाय, त्यानंबी नाय."

आठवड्यानं मी डिस्चार्ज फॉर्म घेऊन पुन्हा गेलो. डिस्चार्ज फॉर्म म्हणजे पैसे मिळाल्याची पावती, ती आधी सही करून घेतात आणि मग चेक निघतो. यमुनाबाई अंगठा देणार म्हणून साक्षीला सरपंच लागणार होते. तात्या यायचे होते. मी शाईचं पॅड काढून ठेवलं.

यमुनाबाई म्हणाल्या, "साहेब, येक इचारू? नाव कधी लिवलं त्यानं माझं?"

"पॉलिसी काढली तेव्हा. पाच वर्षं झाली."

त्यांनी बोटं मोजली. पुन्हा मोजली.

"म्हंजे भांडनाच्या नंतर."

"हो."

"मला वाटलं आदीचंच कवातरी लिवलेलं, आनि बदलायचं राहून गेलं. म्हनून बोलले, चुकून आलेलं हाय, देऊन टाकावं." त्या पुढे सरकल्या. "तुमीच होता ना तिथं? त्यानं सवताच्या तोंडानं सांगितलं? माझं नाव घेतलं त्यानं?"

हो म्हणायला माझं तोंड उघडलंही होतं. त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघून कोणीही हो म्हणालं असतं. पण मला काहीच आठवत नव्हतं. मी म्हणालो, "फाइल बघून सांगतो." पॅड परत बॅगेत टाकलं आणि निघालो. तात्या वाटेत भेटले. आज अंगठा का घेतला नाही, हे त्यांना मी नीट सांगू शकलो नाही.

ब्रँचमध्ये जाऊन फाइल काढली. बाळारामचा फॉर्म वर आला. नॉमिनी : यमुनाबाई. नातं : बहीण. अक्षर माझं होतं.

मग हळूहळू सगळं आठवलं. मार्च महिना. एजंटाचं वर्ष मार्चला संपतं आणि टार्गेट पुरं करायला सगळे धावतात. कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी दोन संध्याकाळी चाळीसेक फॉर्म भरले होते. प्रत्येक कामगाराला विचारत बसलो असतो तर आठवडा गेला असता. म्हणून तिथला क्लार्क रजिस्टरमधून वाचत होता आणि मी उतरवून घेत होतो. नाव, जन्मतारीख, नॉमिनी. पुढचा माणूस यायचा, फुलीच्या जागी सही करायचा, जायचा. आणि ते रजिस्टर माणूस नोकरीला लागताना भरलं जायचं. म्हणजे बाळाराम अजून घरी राहत होता तेव्हाचं.

मी मॅनेजरसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग सांगा ना हो म्हणून. क्लेम क्लिअर आहे. आपल्याला काय फरक पडतो?"

"साहेब, तिनं आयुष्यात आपल्याला एवढंच विचारलंय."

"आणि खरं सांगून तिला काय मिळणार?"

मी फक्त फाइल एक दिवसासाठी मागितली. बाहेर न्यायची परवानगी नसते. साहेबांनी बराच वेळ पेन टेबलावर आपटलं. मग म्हणाले, "उद्या संध्याकाळी पाचला माझ्या टेबलावर पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोशीरला पोचलो. यमुनाबाई अंगणात वाट बघत उभ्याच होत्या. मी बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. अक्षर माझं. नाव रजिस्टरमधलं. रजिस्टर जुनं. मी विचारलं असेल असं वाटत नाही.

त्या ऐकत होत्या. हात मांडीवर होते, ते तिथंच राहिले.

"म्हंजे तो बोललाच नाय."

"मला तरी आठवत नाही."

त्यांनी विचारलं, "त्या कागदावर त्याचं काय हाय मग?"

"सही आहे. ती त्याचीच."

"दावा."

मी फॉर्म पुढे केला. त्यांनी तो दाराशी उजेडात नेला, डोळ्यांच्या अगदी जवळ धरला. दिसलं नाही. मी त्यांचं बोट धरून सहीवर ठेवलं. निळ्या शाईची सही. बाळारामनं पेन दाबून सही केली होती, कागदाला मागून उठाव आला होता. त्यांनी कागद उलटा केला आणि तो उठाव बोटानं चाचपला. एकदा, मग परत एकदा.

"नाव वर हाय का खाली?"

"कुणाचं?"

"माझं."

"वर. सहीच्या चार बोटं वर."

"मग त्यानं वाचलं."

"यमुनाबाई, लोक वाचत नाहीत. मागे रांग होती. फुली दाखवली की सही करतात."

"लोकांचं मी नाय सांगत. बाळारामचं सांगते." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "भज्याचा कागद उलगडून वाचायचा तो. बाजारातनं मीठ आनलं तर मीठ डब्यात जायच्या आदी पुडी वाचून व्हायची. मी वरडायचे. वाचल्याबिगर सही करील तो? त्यानं वाचलं, बहीन म्हनून लिवलेलं बघितलं, आनि ऱ्हाऊ दिलं. खोडा म्हनाला असता तर तुमी खोडलं असतं ना?"

"खोडलं असतं."

"मग."



त्या दाराला टेकून खाली बसल्या. फॉर्म मांडीवर होता. म्हणाल्या, "मी गेलते येकदा. कुनाला सांगितलं नाय. तांदूळ घेऊन गेलते, घरचा. खोपोलीला उतरले, शिळफाट्यापतूर चालत गेले. तिथं दुकानं, माणसं, ट्रका. कुनाला इचारू? इचारलं तर म्हनतील, बहीन हाय आनि पत्ता ठाव नाय. लाज वाटली. बसले जरा नि आले परत. तांदूळबी आनला परत."

मग त्या मला विचारू लागल्या. खोली कशी होती? मी एकदाच गेलो होतो, पॉलिसी द्यायला. आठवेल ते सांगितलं. वरचा मजला. खिडकीशी कॉट. दोरीवर कामाचा शर्ट वाळत घातलेला. त्यानं स्टोव्हवर चहा केला होता.

"चा गोड होता?"

"खूप गोड."

"हां," त्या म्हणाल्या. "जाड झालता का?"

"नाही. केस थोडे पांढरे झाले होते. कानाजवळ."

त्यांनी स्वतःच्या कानाजवळ हात नेला. मी आणखी काही आठवायचा खूप प्रयत्न केला. तासभर त्या खोलीत बसलो होतो मी आणि सगळा वेळ हप्ता आणि बोनसबद्दल बोललो होतो. तो काय बोलला ते माझ्या डोक्यात राहिलंच नव्हतं.

तात्या आले ते शाळा कमिटीचा कागद घेऊन. चेक कमिटीच्या खात्यात भरायला यमुनाबाईंची संमती, असा मजकूर होता. त्यांनी कागद पुढे केला. "आक्का, दोन्ही अंगठे येकदमच होऊन जाऊ देत."

"ह्यावर नाय देनार," यमुनाबाई म्हणाल्या. "साहेबांच्या कागदावर देते."

"आक्का, तुजा शब्द होता."

"होता. तवा वाटलं हुतं चुकून आलंय. चुकून आलेलं ठेवायचं नाय. पन हे त्यानं दिलंय."

"अगं, त्याच्याच नावानं खोली व्हनार हाय. मी काय माझ्या घरात नेतोय का?"

"तुमी नाय नेत, ठाव हाय मला." त्या उठून उभ्या राहिल्या. "अकरा दिवाळ्या गेल्या, तात्या. अकरा भाऊबिजा. मी पाट मांडला नाय, तो आला नाय. त्याची ओवाळनी ऱ्हायली हुती, ती त्यानं आता धाडलीय. ओवाळनी कुनी शाळंला देतं का?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमी काय सांगितलंत हिला?"

"अक्षर माझं आहे, एवढंच सांगितलं," मी म्हणालो.

तात्या चांगले होते. रागावले, पण साक्षीची सही केली. त्या दिवशी माझ्याशी मात्र बोलले नाहीत. पाचला फाइल साहेबांच्या टेबलावर होती.

नेरळच्या बँकेत मी यमुनाबाईंचं खातं उघडून दिलं आणि चेक त्यात भरला. समारंभ झाला नाही, फोटो निघाला नाही. गावात लोक बोलले. भाऊ जिवंत होता तेव्हा दार बंद केलं आणि पैसे आले तेव्हा उघडलं, असं मी स्वतः चहाच्या दुकानात ऐकलं. यमुनाबाईंच्या कानावरही गेलं असणार. त्यांनी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं, कौलं बदलली, उरलेले पैसे फिक्स्डमध्ये ठेवले. दरवर्षी दिवाळीच्या आधी त्या व्याज काढायला येत आणि बाजारातून स्वतःसाठी एक लुगडं घेऊन जात. मी एकदा तिथंच भेटलो तर मला लुगड्याचे काठ दाखवले. म्हणाल्या, "बघा, आता दिसतंय मला. हिरवं हाय."

शाळेची खोली सरकारी पैशातून सहा वर्षांनी झाली. तोवर दोन वर्ग देवळातच भरले. ती मुलं मला दिसायची. तेव्हा मी हो म्हणालो असतो तरी यमुनाबाईंनी ओवाळणीच मानली असती आणि नाही म्हणून टाकलं असतं तर शाळा झाली असती, असा हिशोब मी अनेकदा केला. तो सुटलेला नाही.

पोशीरमधून मला एकही प्रपोजल मिळालं नाही. मॅनेजरसाहेबांनी ते माझ्या वार्षिक रिपोर्टमध्ये लिहिलं.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी एक पद्धत पाळली. नॉमिनीचा रकाना मी रजिस्टरवरून भरला नाही. पेन खाली ठेवायचो आणि समोरच्याला विचारायचो, तुमच्यानंतर कुणाला? तो नाव तोंडानं घेईपर्यंत थांबायचो. काही लगेच सांगत. काही बराच वेळ खिडकीबाहेर बघत. दर फॉर्ममागे दोन-तीन मिनिटं जास्त लागत. मार्चमध्ये ती परवडत नसत.