मी न केलेला आग्रह

विहीणबाईंनी फोन करून माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, तेव्हाच मला शंका आली.

मुलाच्या लग्नाला तीन-चार वर्षं झाली होती. तेवढ्या काळात आम्ही दोघी सणावाराला भेटलो, साड्या दिल्या-घेतल्या, एकमेकींना जेवायचा आग्रह केला आणि आपापल्या घरी परतलो. त्या वरवट बकालच्या, शेतीवाल्या घरातल्या. मी बुलढाण्याची, पंचायत समितीतून निवृत्त झालेली कारकून. नवरा गेल्यापासून घरात एकटीच. आमच्यात भांडण नव्हतं, पण जवळीकही नव्हती. मुलाची आई आणि मुलीची आई यांच्यात जेवढं अंतर राखायचं असतं, तेवढं आम्ही व्यवस्थित राखलं होतं.

"गुडघे कशे हायेत तुमचे?" त्यांनी विचारलं.

"बरे आहेत. काऊन?"

"चढता येते ना?"

"कुठं चढायचं आहे?"

"असंच इचारलं," त्या म्हणाल्या. मग हरभऱ्यावर अळी पडल्याचं सांगितलं आणि फोन ठेवला.

आठवड्याभराने पुन्हा फोन. या वेळी मात्र त्या सरळ बोलल्या. हिमाचलात डोंगरावर एक गाव आहे, तिथं ओळखीच्या बाईचं घर आहे, उन्हाळ्यात थंड असतं. "चार-पाच दिवस जाऊन येऊ. आपण दोघीच."

या बाई माझ्या माहितीत खामगावच्या पलीकडे नवऱ्याशिवाय गेलेल्या नव्हत्या. पुण्याला लेकीकडे जायच्या त्याही व्याह्यांसोबत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यासोबतच परत निघायच्या.

"आपण दोघीच काऊन?" मी विचारलं.

"असंच."

आयुष्यभर मी टेबलापलीकडच्या माणसांचं बोलणं ऐकलं. 'असंच' म्हणणारा माणूस कधीही असंच आलेला नसतो, एवढं मला त्या नोकरीने शिकवलं. मी "बघू" म्हटलं आणि लगेच मुलाला पुण्याला फोन लावला.

"जा ना आई," तो म्हणाला. "छान होईल. तू कुठं जातेस कधी?"

फार पटकन म्हणाला. माझा मुलगा साधा गॅस बदलायचा म्हटलं तरी दोन दिवस विचार करतो. मागून सूनबाईंचा आवाज आला, "भुसावळहून दिल्लीची गाडी आहे म्हणावं, तिकिटं मिळतात." म्हणजे गाडीसुद्धा बघून झाली होती. मला सगळ्यांत शेवटी कळत होतं.

त्या दिवसापासून माझं डोकं स्वस्थ राहिलं नाही. एकदा वाटलं, सुनेने माझ्याबद्दल काहीतरी तक्रार केली असेल आणि तिची आई मला लांब नेऊन ती ऐकवणार असेल. मग वाटलं, बुलढाण्याचं घर विकून मी पुण्याला यावं असं दोघांचं ठरलं आहे, आणि मला वळवायचं काम विहीणबाईंवर सोपवलं आहे. एका दुपारी तर मनात आलं, नवरा-बायकोचंच बिनसलं असेल. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना मी एकेक शक्यता घेऊन बसायची. संक्रांतीच्या सुमारास सूनबाई घरी आली होती. मी खोलीत शिरताच तिने फोनवर आवाज खाली केला, पण तेवढ्यात एक वाक्य माझ्या कानावर पडलंच. "मम्मी, त्यांना आत्ताच नको सांगू."

"कोणाला काय नको सांगू?" मी विचारलं.

"काही नाही आई, मम्मीचं आपलं असंच."

पुन्हा असंच.

मग मी ठरवलं, या बाजूने कोणी बोलत नाही तर दुसऱ्या बाजूने जायचं. विहीणबाईंकडून त्या पहाडातल्या बाईचा नंबर मागून घेतला. ती हिवाळाभर खामगावात स्वेटर विकायला बसते, एवढं त्यांनी सांगितलं होतं. आमच्याकडे थंडी सुरू झाली की हे लोक येतात, रस्त्याच्या कडेला दोऱ्या बांधून स्वेटर टांगतात आणि ऊन तापायच्या आत निघून जातात. त्यांच्यापैकी कोणाच्या घरी कोणी पाहुणं जातं, हे मी तोवर ऐकलं नव्हतं.

मी फोन लावला. रस्ता कसा, डॉक्टर किती लांब, घरात अजून कोण कोण, सगळं विचारलं. बाईने न कंटाळता उत्तरं दिली. मला मात्र तिच्या न कंटाळण्याचाच संशय आला. शेवटी ती हसून म्हणाली, "आप ज़रूर आइए दीदी. आपकी समधन बता रही थीं, आपको पहाड़ देखने का बड़ा शौक़ है."

मला पहाडाचा शौक? मी उभ्या आयुष्यात कोणापुढे डोंगराचं नाव काढलं नव्हतं. बोथ्याच्या घाटातून खामगावला जाताना मी वळणं सुरू झाली की डोळे मिटून घेते.

दोन दिवसांनी व्याह्यांचा फोन आला. ते स्वतः मला कधी फोन करत नाहीत.

"जयभीम, विहीनबाई."

"जयभीम, भाऊ. सगळं बरं ना?"

"बरं हाय. म्हतलं, तुमाले सांगून द्यावं. तुमचा एवढा आग्रह हाय म्हणून म्या हो म्हतलं. नाईतर आमच्या घरची बाई अशी कुठी गेली नाई आजलोक. तुमच्या भरवशावर पाठवून राह्यलो."

मी त्याच क्षणी म्हणू शकले असते की भाऊ, मी कसलाही आग्रह केलेला नाही. पण कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करायची नाही आणि तो परतही पाठवायचा नाही, ही सवय अंगात मुरलेली. "हो हो," मी म्हटलं, "मी येतेच एकदा तिकडे. समोरासमोर बोलू."

त्या रविवारी मी खामगाव, शेगाव करत वरवट बकालला पोचले. बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. विहीणबाईंना बाजूला घ्यायचं आणि स्पष्ट विचारायचं की माझ्या नावावर हे काय चाललं आहे.

पण बाजूला घेणार कसं? व्याही घरातच होते. पांढरा सदरा घालून माझीच वाट बघत बसले होते. त्यांनी खुर्ची माझ्यासमोर ओढली. विहीणबाईंनी पाणी दिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्या पाहण्यात विनंती होती की धमकी, ते मला कळलं नाही.

"ते स्वेटरवाली बाई तुमी पाह्यली काय?" व्याह्यांनी विचारलं.

"फोनवर बोलले."

"फोनवर कोणी बी गोड बोलते. चार महिने धंदा करते अन् निघून जाते. तिच्या घरी कोन हाय, कसे लोक हायेत, आपल्याले काय मालूम?"

माझ्या मनातलंच ते बोलत होते. तरी मी म्हणाले, "मी सगळं विचारून घेतलं. घरात सासू आहे, दोन मुली आहेत. रस्त्यापासून थोडं चढावं लागतं."

"अन् पहाडच पाह्यचे तं हा सातपुडा काय वाईट हाय? घराच्या मांगंच हाय." त्यांनी उत्तरेकडे हात केला. "तुमाले एवढं काऊन वाटते तिकडे जावंसं?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

खरं सांगायची हीच वेळ होती, त्यासाठीच तर आले होते. पण ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मला आवडली नाही. आपल्याच बायकोबद्दल एखाद्या परक्या बाईकडे चौकशी करावी तशी ती नजर होती. माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"नोकरीत कधी जमलं नाही, भाऊ. हे होते तेव्हा त्यांना सुट्टी नसायची. आता एकटीने जायची हिंमत होत नाही. विहीणबाई सोबत असल्या तर जाईन."

व्याह्यांनी मान हलवली. मुलाच्या आईने असं म्हटल्यावर त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

जेवण झाल्यावर विहीणबाई म्हणाल्या, "चला, वांगे तोडून देते तुमाले न्यायले." शेत घरामागेच होतं. वांग्यांच्या सरीत पोचल्याबरोबर मी सगळं एकदम बोलले. माझा आग्रह कधी झाला, माझा शौक कुठून आला, माझ्या सुनेला माहीत आहे, मुलाला माहीत आहे, मलाच तेवढं नाही. "माझं नाव तुम्ही शिक्क्यासारखं मारत सुटल्या," मी म्हणाले.

त्या वांगी तोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "हाव. मारला शिक्का."

लेक खामगावला कॉलेजात होती तेव्हा तिची खोली आणि स्वेटरवालीची खोली एकाच आवारात होत्या. परीक्षेच्या दिवसांत विहीणबाई तिथं राहायला जायच्या. लेक अभ्यासाला बसली की या दोघी बाहेर बोलत बसायच्या. पहाडातली बाई आपल्या गावाचं सांगायची. छपरावर वाळत घातलेली खुबानी, म्हणजे आपले जर्दाळू, बर्फात गोठून जाणारा नळ, संध्याकाळी एकमेकींच्या घरी बसायला येणाऱ्या बाया. लेकीचं शिक्षण संपलं, लग्न झालं, पण विहीणबाई दर हिवाळ्यात तिला भेटून यायच्या. ती दर वेळी म्हणायची, आओ.

"म्या आमच्या याइले, पोरीच्या बाबाले, इचारलं होतं. एकडाव नाई, दोनतीनदा इचारलं. हे म्हणत, काय हाय तिथं? आता काय हाय ते न पाह्यता कसं सांगू?" त्यांनी वांग्याचा काटा बोटातून काढला. "मंग पोरगी म्हणे, माह्या सासूबाईचं नाव सांग. पोराच्या मायले बाबा नाई म्हणणार नाईत. म्या सांगून देल्लं."

"आणि मला काऊन नाही सांगितलं?"

"तुमी नाई म्हतलं असतं तं? आधी पोरीच्या बाबाचा होकार घ्यावा अन् मंग तुमाले सांगावं, असं ठरवलं होतं."

"अजून काही आहे? घराबद्दल, मुलांबद्दल? आत्ताच सांगा."

"नाई."

"नक्की?"

त्या पहिल्यांदा सरळ उभ्या राहिल्या. "मले बी तुमचा भरवसा नोहता, विहीनबाई. मले वाटे, उद्या तुमी माह्या पोरीले आयकवान, तुह्या मायनं मले फसवलं म्हणून. आता बी वाटते. तुमी आत जाऊन याइले सांगून देल्लं तरी मी काई म्हणणार नाई. खोटं मीच बोलली."

मला राग होताच. कोणी मला न विचारता वापरावं हे मला कधीच सहन झालेलं नाही, आणि ती बाई माफीही मागत नव्हती. पण इतक्या दिवसांत माझ्याशी पहिल्यांदा कोणी 'असंच' न म्हणता बोललं होतं. शिवाय आता सांगायचं तरी काय? आत बसून खोटं तर मीही बोलून आले होते.

"मुलीला काही म्हणणार नाही," मी म्हणाले. "पण यापुढे माझं नाव घ्यायचं तर मला विचारून."

"हाव."

आम्ही एप्रिलच्या शेवटी गेलो. तिथं पोचेपर्यंत मी संशय सोडला नव्हता. दिल्लीत गाडी बदलताना पिशव्या पायाशी घट्ट धरल्या होत्या, आणि बस त्या वळणावळणांच्या रस्त्याला लागली तेव्हा स्वेटरवाली खाली घ्यायला येणारच नाही अशी माझी खात्री झाली होती. ती आली होती. सोबत मोठी मुलगी आणि आमच्या पिशव्या पाठीवर घ्यायला एक टोपली.

गाव उतारावर होतं. लाकूड आणि दगडाची घरं, सफरचंदाची झाडं, थंडी इतकी की मी स्वेटरवर स्वेटर घालून चुलीपासून हलत नव्हते. खरं सांगायचं तर मला तिथं फार काही दिसलं नाही. समोर बर्फाचे डोंगर होते, ते सकाळी बघितले की माझं काम संपायचं. व्याह्यांचा फोन मात्र मलाच यायचा. "बरी हाय ना तब्येत? जेवते ना?" बायकोला फोन द्या असं ते म्हणत नसत, मीही विचारत नव्हते.

विहीणबाई दिवसभर त्या बायांमध्ये बसायच्या. त्यांचं बोलणं यांना निम्मं कळायचं नाही, यांचं त्यांना. राजमा निवडता निवडता सगळ्या हसायच्या. जेवायच्या वेळी मी त्यांच्याकडे बघत असे. ताट समोर आलं की त्या जेवायच्या. मधेच उठायचं नाही, कोणाला काय हवं बघायचं नाही, चुलीकडे नजर नाही. वरवट बकालच्या घरात मी त्यांना कधी पूर्ण जेवण बसून करताना पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला, आणि तो येईपर्यंत हात ताटावर धरून शांतपणे बाहेर बघत राहिल्या.

परत आल्यावर आम्ही काही मैत्रिणी झालो नाही. फोन करतो, तो पूर्वीपेक्षा थोडा लांबतो इतकंच. त्या काही विचारू लागल्या की त्यामागे काय असेल हे मी अजूनही आधी बघते. सूनबाईने मात्र मला विचारलं, "आई, तुम्ही दोघी इतके दिवस काय बोलत होत्या?"

"विशेष काही नाही," मी म्हणाले. आणि खरंच विशेष काही नव्हतं. पण तिला ते पटलेलं दिसलं नाही, आणि जरा वेळाने गॅलरीत जाऊन तिने आपल्या आईला फोन लावला.