रिकाम्या बाटल्यांची धास्ती

माझ्या बायकोच्या मामांइतका भित्रा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नाही; आणि झाला असलाच, तर तो भीतीपोटी घराबाहेर पडला नसणार. मामा मात्र पडत. एवढंच नव्हे, नेवाशाच्या एसटी स्टँडसमोर त्यांचं थंड पेयांचं दुकान होतं. सोड्याची बाटली ते टॉवेलात गुंडाळून, डोळे मिटून, तोंड भिंतीकडे करून उघडत. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, याच्या घरी काहीतरी वाईट घडलंय. गारपीट, लग्नातले फटाके, मांजराचे डोळे, जीपगाडी, हुद्द्यावरचा कुठलाही माणूस, सगळ्यांची त्यांना सारखीच धास्ती. सायकल होती, पण बाजाराला गाय न्यावी तशी ते ती हातात धरून चालवत. "बसलो आन् पडलो तर?" मामी सांगत, "अंतरपाट धरला तवाच ह्यांना घाम फुटला हुता. मला वाटलं, उन्हाचा हाय."

पण त्यांची सर्वांत मोठी भीती होती ती रिकाम्या बाटल्यांची, आणि तिला आम्ही सगळेच हसत असू. तेव्हा लग्नाकार्याला शीतपेयांच्या पेट्या नगरच्या एजंटाकडून येत. बाटलीमागे अनामत ठेवावी लागे आणि ती परत हवी तर बाटली नगरच्या गोदामातच नेऊन द्यावी लागे. दोन-चार बाटल्यांसाठी एसटीचं तिकीट कोण काढणार? त्या घरोघरच्या कोनाड्यांत राहत. कुणी त्यांत रॉकेल भरी, कुणी गोडेतेल, कुणी कपाशीवर फवारायचं औषध. मामा कुणाकडे गेले, की आधी कोनाड्याकडे बघत आणि मग पाहुणचाराचं पाणीसुद्धा हुंगून पीत.

दुष्काळाच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. प्रवरेकाठच्या एका गावात मामांच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न होतं. मीही गेलो होतो. भर दुपारी नवरीचा भाऊ, तालमीतला धिप्पाड गडी, मांडवाच्या मेढी रोवून घामाघूम होऊन पडवीत आला. कोनाड्यात चिंधीचं बूच लावलेली बाटली होती, आत तांबूस काहीतरी. कुणी अर्धी पिऊन ठेवली असेल, असं समजून त्यानं ती तोंडाला लावली.

"थुंक! गिळू नगं!" मामा असे ओरडले, की वाजंत्री थांबली. त्यांनी झेप घेऊन बाटलीवर हात मारला. ती फुटली आणि पडवीभर फवारणीच्या औषधाचा उग्र वास पसरला. पण एक घोट गेला होता. थोड्या वेळात त्याच्या तोंडाला फेस आला, हातपाय थरथरू लागले. त्याची आई ज्या आवाजात ओरडली तो आजही माझ्या कानांतून जात नाही.

गावात एकच जीप होती. मामा सगळ्यांच्या आधी तिच्यात चढले आणि त्या पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसले. मी पुढे बसलो होतो. मागे वळून बघायचं धाडस होत नव्हतं. नुसते मामा ऐकू येत होते. "झोपू नगंस रं. माझ्याशी बोल. मला लई भ्या वाटतंय, तू बोल." तो आधी हुं हुं करत होता. घोडेगाव मागे पडलं आणि तेही थांबलं. मामा मात्र नगरच्या इस्पितळाच्या दारापर्यंत बोलत राहिले.

तो वाचला. दोन दिवस कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं भाकरी मागितली, तेव्हा मामा व्हरांड्यात जाऊन रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "जावईबापू, माझ्यासंगं गोदामात चला. एकट्याला भीती वाटतीय."

गावोगावच्या रिकाम्या बाटल्या आपण आणून देऊ, असं मामांनी सांगितलं, तरी एजंटानं वरही पाहिलं नाही. "ज्यानं पेटी नेली त्यानंच बाटल्या आणायच्या. तुमच्याकडून कशा घेऊ?"

मामा माझ्या पाठीमागून पुढे झाले. "आमच्या भागातल्या समद्या मी गोळा करून आणीन. लोकांची अनामत माझ्या दुकानातच देईन, तुमी मला द्या. न्हाई म्हणालात तर मी हितंच बसतो. रिकाम्या हातानं परत जायची मला तुमच्यापेक्षा जास्त भीती वाटतीय."

एजंटानं आता मात्र त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आणा," तो म्हणाला.

तेव्हापासून मामा सायकलीला पोती बांधून वाड्यावस्त्या फिरू लागले. कुत्र्यांना घाबरून लांबूनच हाका मारत. बाया हसत आणि बाटल्या काढून देत. जिच्यात औषध भरलेलं असे तिचीही ते अनामत देत, आणि ती फोडून खोल पुरत. मामी करवादत, "धुतली की झालं की!" मामा विचारत, "आन् न्हाई निघालं तर?"

मामा गेले ते झोपेतच. घाबरायला वेळ मिळाला नाही, याचंच आम्हांला बरं वाटलं. दुकान बंद झालं, तरी कितीतरी दिवस सकाळी घराचं दार उघडलं, की पायरीवर रिकाम्या बाटल्या दिसत. कुणी आणून ठेवल्या ते कळत नसे. अनामत मागायलाही कुणी येत नसे. एकदा मी त्या तशाच ओलांडून निघालो, तर मामी आतून घाईघाईनं आल्या.

"आत घ्या त्या, जावईबापू," त्या म्हणाल्या. "बाहेर ऱ्हायल्या तर कुनीतरी घरी न्हेईल."