तारेचं वेटोळं

हे माझ्या तोंडून आजवर कुणापुढं निघालेलं नाही. बायकोपुढंही नाही — आणि आता तीही नाही. मधे अडवू नका, नाहीतर पुन्हा राहून जाईल.

पासष्ट-सहासष्टची गोष्ट. वेल्ह्याकडच्या वाड्यावस्त्यांवर नुकती वीज पोचत होती. मी लाइनमन. माझा दोस्त शिवराम, तो भोरला वीज मंडळाच्या गोदामात सामान सांभाळायचा. आम्ही दोघं एका खोलीत राहायचो, एका तव्यावरची भाकरी खायचो. त्याच्याशिवाय मला होतं कोण?

ट्रान्सफॉर्मरशेजारी अरेस्टर बसवतात. त्यातल्या काळ्या चकत्या एरवी तारेतली वीज अडवून धरतात, पण आभाळातली वीज तारेवर पडली की क्षणात वाट देतात, तिला जमिनीत सोडतात. मुकादमानं बजावलं होतं — "जमिनीकडची तार आखूड अन् सरळ ठेवा रं. आभाळातली ईज लई घाईत असती, वेटोळ्यातनं जायला थांबत न्हाई."

आणि मी? उरलेली तार कापायचा कंटाळा केला. छान वेटोळं करून बांधली — दिसायला कशी नीटनेटकी! अतिशहाणाच ना मी?

वळवात वीज पडली. वेटोळ्यापाशी अडली आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये घुसली. जळून खाक. चौकशीला माणसं यायच्या आत मी खांबावर चढलो, वेटोळं कापून टाकलं — तार आखूड, सरळ.

मग दोष कुणाचा? अरेस्टरमध्ये ओल गेली, गोदामात सामान भिजवलं, असं ठरलं. "म्या कोरड्यातच ठिवलं हुतं," शिवराम पुन्हा पुन्हा सांगत राहिला. मी शेजारीच उभा. म्हणालो, "साहेब, मानूस सरळ हाय, सांभाळून घ्या." — बघा, केवढा माझा मोठेपणा! त्याला कामावरून काढलं. तो खोली सोडून गेला. मला एकट्याला भाकरी गिळवेना, इतकी लाज वाटायची. पण बोललो का? नाही.

पुष्कळ वर्षांनी भोरच्या एसटी स्टँडवर भेटला. दुसऱ्यांच्या शेतांवर राबून पार खंगला होता. बरोबर लेक होती. माझा हात घट्ट धरून तिला म्हणाला, "पाया पड गं ह्यांच्या. समदे उलटले तवा ह्यो एकटाच माझ्या बाजूनं बोलला."

ती वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत. तोंडभरून आशीर्वाद दिला.