आमदारांकडे असतो

“मुलगा काय करतो?” असं कुणी विचारलं की क्रांतीला नको व्हायचं. ऋषिराज एकतीस वर्षांचा झाला तरी उत्तर तेच होतं: आमदारांकडे असतो. नोकरी नाही, धंदा नाही, नुसतं असणं. हंबीररावांच्या गाडीचं दार उघडायचं, वाढदिवसाचे फ्लेक्स बांधायचे, लग्नात त्यांच्या आधी पोचून सोफा अडवून बसायचं. बी.एस्सी. झालेला मुलगा!

आज मेळाव्यात हंबीररावांनी जाहीर केलं, येत्या विधानसभेला आपण उभं राहणार नाही. रिवाजाप्रमाणे चारसहा जण रडले, एक जण गाडीपुढे आडवा झाला. तो ऋषिराजच. शर्टाला लागलेली माती तशीच घेऊन तो हसत घरी आला.

“आई, साहेब म्हणाले, आता तरुणांनी पुढं यावं. माझ्याकडं बघून म्हणाले!”

“तू गाडीपुढे पडलेलास. दुसरीकडे कुठे बघणार ते?”

“तुला राजकारणातलं काय कळतंय? मानसिंगकाकांना सांग, मला शिरवळ न्हाई जमायचं.”

मानसिंग तिचा दीर. लष्करातून परत आल्यावर शिरवळच्या एका कारखान्यात लागलेला. त्याने शब्द टाकला होता. ऋषिराजला उद्या सकाळी तिथे कामावर हजर व्हायचं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. ऋषिराजने स्पीकर लावला.

“काय रं ऋषी, लय भारी आडवा झालास गड्या! उद्या सकाळी बैठक हाय. तरुणांच्या वतीनं तू उठायचं आन् माझं नाव सुचवायचं.”

धाकटे साहेब. हंबीररावांचे चिरंजीव, वय अठ्ठेचाळीस, शिक्षण पाचगणीला. एरवी नोकरांशीही इंग्रजीत बोलायचे; निवडणूक आली की यांना गावची बोली फुटायची.

ऋषिराजचा चेहरा उतरला. क्रांतीला वाटलं, आता तरी शुद्धीवर येईल.

“व्हय साहेब,” तो म्हणाला, आणि आरशापुढे उभा राहून पाठ करू लागला, “तरुणांचं एकमेव आशास्थान...”

त्या बापलेकांची तिला किळस होतीच. आज पहिल्यांदा थोडी पोटच्या पोराचीही आली.

उद्या माझा मुलगा बैठकीला येणार नाही, कामावर जाणार आहे, हे हंबीररावांना स्वतःच सांगायचं तिने ठरवलं. आई आडवी आली की ते ऋषिराजला पुन्हा दारात उभं करणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेच तर हवं होतं. पोरगा चिडेल, बोलणं टाकेल. टाकू दे. ती फोन घेऊन अंगणात गेली.