सरांना आठवण करून देण्याबद्दल

कुणी मोठ्याने बोललं की अंग आक्रसून घेते, म्हणून मामाने लहानपणी तिला गोगलगाय म्हटलं, त्याचं गोगी झालं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. दुकानात मागून आलेले चार जण पुढे घुसले, तरी ही बया पिशवी या हातातून त्या हातात घेत उभी. अशा मुलीची एका वर्षासाठी परदेशातल्या विद्यापीठात निवड झाली, तेव्हा घरच्यांना आनंदापेक्षा धक्काच जास्त बसला.

तिथे पोचल्यावर विषय निवडायचे होते. पाहुण्या विद्यार्थ्यांना स्वतः नाव नोंदवता येत नसे. आधी आपल्याकडच्या विभागप्रमुखांची संमती आणायची, ती कचेरीत दाखवायची, मग विषय मिळायचा. बाकीच्या विषयांना संमती घेऊनच ती आली होती. एक विषय मात्र तिथे गेल्यावर बदलून पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेचा घ्यावा लागला, आणि या नव्या विषयाला विभागप्रमुख सरांचा होकार हवा होता. कचेरीतल्या बाईंनी भल्या मनाने शुक्रवार दुपारपर्यंत जागा धरून ठेवली. हा विषय मिळाला नाही, तर परतल्यावर हे वर्ष धरलं जाणार नव्हतं. मागून येणाऱ्या मुलांबरोबर पुन्हा त्याच बाकावर बसावं लागणार होतं.

गोगीने सरांना मेल लिहिली. 'आदरणीय सर'पासून 'आपली नम्र'पर्यंत भरपूर नमस्कार आणि मध्ये कुठेतरी कामाचं एक वाक्य. पाठवली आणि वाट बघत बसली. उत्तर काही येईना.

खोलीत तिच्यासोबत राहणारी मुलगी वास्तुकला शिकत होती आणि कुणाच्या बापाला भीत नव्हती. ती म्हणाली, "अगं, फोन कर ना त्यांना."

"सरांना?"

"मग काय झालं? खाणार आहेत का ते तुला?"

"त्यांना वाटेल, मागेच लागली."

"लाग की मग."

गोगीने दुसरी मेल लिहायला घेतली. 'सर, आपण कामात असाल, तरी' एवढं लिहून वाचलं, तर ते 'तरी' उद्धट वाटलं. खोडलं. आठवण करून द्यायची म्हणजे सर विसरले असं त्यांच्या तोंडावर म्हणायचं, आणि सर कसे विसरतील? त्यांना हा विषय पसंत नसेल, गप्प राहून तेच सुचवत असतील, असं तिने ठरवूनही टाकलं. माणूस स्वतःच्या भित्रेपणाला किती शहाणी कारणं शोधून देतो!

शुक्रवारी बाई म्हणाल्या, "त्यांनी नुसतं हो म्हटलं तरी मला पुरे. इथून लाव फोन." आणि टेबलावरचा फोन त्यांनी तिच्यापुढे सरकवला.

सरांचा नंबर तिला तोंडपाठ होता. ती फोनकडे बघत राहिली.

"तिकडे आता त्यांची जेवणाची वेळ असेल," ती म्हणाली.

बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, मग फोन परत ओढून घेतला. जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलीला गेली.

सरांचं उत्तर सोमवारी आलं. 'तुझी मेल गर्दीत खाली गेली होती. विषय खुशाल घे, मी कशाला नाही म्हणेन? एकदा आठवण करून द्यायची होतीस.'

गोगी कचेरीत धावत गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिने एकच गोष्ट चारदा मागितली, हात जोडले, रडली. बाईंनाही वाईट वाटलं, पण प्रयोगशाळेत जितकी टेबलं तितकीच मुलं. बाहेरच्या बाकावर ती बराच वेळ बसून होती. सरांचा राग येत नव्हता, बाईंचा येत नव्हता. स्वतःचा इतका येत होता की जीव नकोसा झाला.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. ते एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते, आणि डॉक्टरांसमोर खुर्चीत बसलेलं त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"झाले का विषय?"

"एक राहिलाय, बाबा."

"राहू दे, होईल. सर मोठा माणूस आहे, शंभर कामं असतात त्यांना. तू सारखं विचारून त्रास नाही ना दिलास?"

"नाही."

"शाबास," वडील म्हणाले. त्यांचा आवाज अभिमानाने भरून आला होता, आणि वर्ष गेल्याचं गोगीला सांगता आलं नाही.