बसून पाहणारा

नागपूर शहरातली कुठली खुर्ची कुणाची पाठ दुखवते, हे माझ्या रूममेटइतकं कुणालाच ठाऊक नसेल. डॉक्टरांनाही नाही, कारण डॉक्टरांकडे माणूस पाठ दुखल्यावर जातो आणि हा तर दुखायच्या आधीच त्या खुर्चीखाली डोकं घालून बसलेला असायचा. प्रॉडक्ट डिझाइनच्या कॉलेजात आम्ही चार वर्षं बरोबर होतो आणि त्यातली तीन वर्षं सक्करदऱ्याला, तलावाजवळच्या एका घराच्या वरच्या खोलीत, एकाच पंख्याखाली राहिलो. या तीन वर्षांत तो चारचौघांसारखा नुसता बसलेला मी क्वचितच पाहिला असेन. तो बसून पाहायचा. आधी कडेला टेकायचा, मग मागे रेलायचा, मग दोन्ही पाय उचलून पुन्हा खाली ठेवायचा, उठायचा आणि पुन्हा बसायचा. हे सगळं झाल्याशिवाय समोरच्या माणसाला नमस्कारसुद्धा करायचा नाही. लोकांना तो उर्मट वाटायचा. मला सुरुवातीला वेडा वाटला.

सीताबर्डीवर त्याच्याबरोबर खरेदीला जाणं ही शिक्षा होती. शर्ट घ्यायला निघालेलो आम्ही चपलांच्या तीन दुकानांत जाऊन यायचो, कारण तिथे गिऱ्हाइकाला वाकावं लागतं आणि वाकणाऱ्या माणसासाठी बाक किती उंच हवा, हे त्याला बघायचं असायचं. चपला मात्र तो तीन वर्षं त्याच वापरत होता. आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्याने नवी खुर्ची आणली, तेव्हा त्याने एका महिन्यात तीनदा केस कापून घेतले. तिसऱ्या वेळी कापायला काही उरलंच नव्हतं. सलूनवाल्याने बिचाऱ्याने नुसती मान चोळून दिली आणि पुढच्या वेळी असंच येऊन बसत जा म्हणून सांगितलं. एकदा तर आमच्या विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये कुणी नाही असं पाहून तो त्यांच्या खुर्चीत जाऊन बसला. सर आले, दारात उभे राहिले. मी बाहेरून खुणा करत होतो. हा उठला, पण घाईने नाही. खुर्चीच्या हातावर तळवा ठेवून म्हणाला, "सर, ही डावीकडे झुकून राहिली. तुमचा खांदा दुखत असंन." सरांचा खांदा खरोखरच दुखत होता. ते चिडायचं विसरले आणि कधीपासून दुखतो ते सांगत बसले.

पण त्याच्या या वेडाला फक्त हसावं, असं मला पुढे वाटेना. आमच्या दुसऱ्या वर्षी माझे आजोबा गेले, तेव्हा तो माझ्याबरोबर यवतमाळला आला. बैठकीत माझ्या वडिलांशेजारी सतरंजीवर तासभर बसला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला की मागच्या बाजूचे ते चार म्हातारे मघापासून उठायचं म्हणतात आणि उठता येत नाही म्हणून बसून राहतात, त्यांना लघवीला जायचं असेल. घरात पंचवीस माणसं होती, एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. त्याने शेजारच्या घरांतून खुर्च्या मागून आणल्या आणि एकेकाला काखेत धरून उठवलं, मागे नेऊन आणलं आणि मग त्यांवर बसवलं.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला स्वतःचा प्रोजेक्ट करावा लागायचा. विषय आपला, वस्तू आपली, चुकाही आपल्याच. आम्ही सगळे त्या दिवसांत लोकांच्या अडचणी शोधत हिंडत होतो आणि अडचण सापडली की आम्हाला आनंद व्हायचा, हे आता आठवलं की थोडी लाज वाटते. मी कूलरमधलं पाणी संपत आलं की बाहेरून दिसावं, असं काहीतरी करत होतो. नागपूरच्या उन्हाळ्यात तो विषय कुणालाही पटण्यासारखा होता. हा मात्र महिनाभर काही सांगेना. मग एका सकाळी मला म्हणाला, चल, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एका मोठ्या अपार्टमेंटच्या गेटसमोर घेऊन गेला. गेटवर खाकी शर्टातला एक किरकोळ अंगाचा माणूस लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. खुर्चीचा एक पाय मोडून तारेने बांधलेला, त्याखाली वीट. "माहे बाबा," तो म्हणाला.

वडील नोकरीला आहेत, एवढंच तीन वर्षांत त्याने मला सांगितलं होतं. त्या दिवशी समोरच्या चहाच्या टपरीवर बसून बाकीचं सांगितलं. त्यांचं घर उमरेडचं, विणकरांचं. वडील हातमागावर साड्या विणत. काम कमी होत गेलं, माग विकला आणि मग एका एजन्सीमार्फत ही बारा तासांची ड्यूटी मिळाली. हे सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता. वहीत एकेक रेघ ओढत होता. गेटमधून गाडी आली की वडील उठत, गेट उघडत, हात कपाळाला लावत, पुन्हा बसत. गाडी गेली की पुन्हा तेच. तीन दिवस आम्ही त्या टपरीवर बसलो. रेघा दिवसाला दोनशेच्या वर भरत होत्या. तिसऱ्या दिवशी त्याने वही मिटली आणि म्हणाला की बसण्याचा त्रासच नाही, त्रास उठण्याचा आहे. वडील प्रत्येक वेळी उजव्या गुडघ्यावर हात दाबून उठत होते. मी तीन दिवस तेच पाहत होतो, पण मला ते दिसलं नव्हतं.

लकडगंजच्या लाकूड कापायच्या आरामशीनवरून त्याने सागाचे तुकडे निवडून आणले आणि दीड महिना कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये खपला. खुर्ची झाली ती खरोखर देखणी होती. बैठक जराशी पुढे उतरती, हात लांब आणि पुढच्या टोकाला गोल, म्हणजे त्यावर जोर दिला की माणूस आपोआप उभा राहील. बैठकीला, खाटेला असते तशी सुती पट्ट्यांची नवार विणली होती. सुट्टीच्या दिवशी वडील आमच्या खोलीवर आले. मुलाने खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत. खाली वाकून त्यांनी नवारीवर बोट दाबलं आणि ढिली आहे, चार दिवसांत हिची झोळी होईल, असं म्हणाले. मग मांडी घालून जमिनीवर बसले, सगळी नवार उसवली आणि दुपारभर पुन्हा विणत राहिले. मी चहा केला तो तसाच निवला. गेटवर कपाळाला हात लावणारा तो माणूस आणि हा एकच, हे मला पटेना. मुलगा दुसरं टोक ताणून धरून बसला होता आणि वडील, डोकं वर न काढता, त्याला अजून ओढायला सांगत होते.

खुर्ची गेटवर गेली. दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी गाडीतूनच वडिलांचा बसलेला फोटो काढला आणि तिथल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं की वॉचमन ड्यूटीवर आहे की आरामाला आला आहे. संध्याकाळपर्यंत एजन्सीचा फोन आला, ड्यूटीवर बसायचं नाही म्हणून. आम्हाला हे दोन दिवसांनी, तिथे गेल्यावर कळलं. वडील गेटला टेकून उभे होते. लाल खुर्ची सोसायटीवाल्यांनी भंगारात देऊन टाकली होती आणि नवी आत मीटरच्या खोलीत ठेवली होती, तिच्यावर पाण्याची कॅन होती. दोन दिवस, बारा-बारा तास, ते उभे होते.

मुलगा ती खुर्ची बाहेर काढायला वळला. वडीलच म्हणाले, अगदी शांतपणे, लहान मुलाचं काही मोडलं तर समजूत काढावी तसे: "जुनी तुटकी होती तवा कोणी पाहत नव्हतं गा. हे चांगली दिसते. लोकायले वाटते, हा मजेत बसून राहिला." मग एक गाडी आली आणि ते गेट उघडायला गेले.

त्यानंतर आठवडाभर तो वर्कशॉपला गेला नाही. खोलीतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. ज्युरीला, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायच्या दिवसाला, महिना उरला होता. मी एकदा म्हटलं, गेटवरचं जाऊ दे, खुर्ची सुंदर आहे, तीच मांड, चांगले मार्क पडतील. तो उठून बसला आणि मला विचारलं, "काहून? कोणासाठी?"  त्याच दिवशी तो बाहेर पडला, परत त्या टपरीवर गेला, आणि या वेळी वडिलांकडे न पाहता गाड्यांकडे पाहत बसला. गाडीतल्या माणसाला गेटवरचा माणूस किती दिसतो, हे तो पाहत होता. छाती आणि डोकं, बस. गेटशेजारच्या बुटक्या भिंतीआड माणूस उभा असला की कमरेखालचं काही दिसतच नव्हतं.

मग त्याने दुसरी वस्तू बनवली. तिला खुर्ची म्हणायचं की काय, मला अजून कळत नाही. कमरेएवढी उंच, अरुंद, पुढे उतरती बैठक, खाली पाय टेकायला आडवी पट्टी आणि समोर रजिस्टर ठेवायला फळी. त्यावर माणूस टेकला की वजन पायांवरून उतरायचं, गुडघा वाकवावा लागायचा नाही, पण डोकं मात्र उभ्या माणसाच्या उंचीवरच राहायचं. मुद्दाम तिला करडा रंग दिला, मीटरच्या पेटीसारखा. एकही गोल कोपरा बाहेरून दिसू दिला नाही. जे त्याला सुंदर करता येत होतं ते सगळं त्याने आतल्या बाजूला, बसणाऱ्याच्या मांडीला लागेल तिथे लपवलं. ती वस्तू दोन आठवडे गेटवर राहिली. कुणाची तक्रार आली नाही. उलट एके दिवशी सेक्रेटरींनी गाडीची काच खाली करून वडिलांना सांगितलं की आता कशी बरोबर ड्यूटी चालली आहे.

ज्युरीच्या दिवशी त्याने हे सगळं सांगितलं. जसं घडलं तसं, एकही मोठा शब्द न वापरता. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं की या वस्तूचं मुख्य वैशिष्ट्य कोणतं. तो म्हणाला, यावर बसलेला माणूस बसलेला दिसत नाही.  आमचे विभागप्रमुख टेबलावरच्या कागदांकडे पाहत राहिले. त्या वर्षी सगळ्यांत जास्त मार्क त्याला मिळाले, आणि परीक्षक बाई जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

आम्ही सगळे कॅन्टीनमध्ये आनंद करत होतो, तेव्हा तो दिसेना. वर्कशॉपच्या पायऱ्यांवर सापडला. मी शेजारी बसलो. तो म्हणाला, "मी बाबाले बसवायले निघालो होतो बे. उभं दिसायची सोय करून आलो." मी त्याला समजावायचा प्रयत्न केला, गुडघ्याचा त्रास तर कमी झाला ना, म्हणालो. तो हो म्हणाला. ते खरंही होतं. पण त्याने माझं मन राखण्यासाठी हो म्हटलं, हे मला तेव्हाही कळत होतं.

आता तो पुण्याला ऑफिसच्या खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीत आहे. तिथे त्याला बसून पाहण्याचाच पगार मिळतो, हे मी सगळ्यांना हसत सांगतो. वडिलांनी नोकरी कधीच सोडली, ते उमरेडलाच असतात. मी नागपुरातच राहिलो. मागच्या उन्हाळ्यात एका कामासाठी कुणाच्या तरी घरी जायचं होतं आणि पत्ता वाचला तर तेच अपार्टमेंट. गेटवर ती करडी वस्तू होती. रंग उडालेला, फळीचा एक कोपरा झिजलेला, आणि त्यावर पन्नाशीचा दुसराच कुणी माणूस टेकलेला. मला राहवलं नाही. जवळ जाऊन विचारलं, बरं आहे का बसायला? तो झटकन उठून उभा राहिला. मी तक्रार करायला आलो आहे, असं त्याला वाटलं. बसलो नव्हतो साहेब, म्हणाला. मी काहीतरी पुटपुटत आत गेलो.

वर जाऊन काम आटोपलं आणि दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात उभा राहून रूममेटला पुण्याला फोन लावला. सगळं सांगितलं.  मग त्याने विचारलं की मी आत गेल्यावर ते पुन्हा बसले का. मी म्हटलं, पाहिलं नाही.

"थोडं थांबून पाहाचं होतं गा," तो म्हणाला.

फोन ठेवून मी जिन्याच्या जाळीतून खाली पाहिलं. तो माणूस अजून उभाच होता. त्याने एकदा आत पाहिलं, एकदा रस्त्याकडे पाहिलं, आणि मग हळूच मागे सरकून टेकला. पाय पट्टीवर घेतले. बाहेर मेच्या दुपारचं ऊन होतं आणि मला पुढच्या कामाला उशीर होत होता. तरी मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. खाली गेलो असतो तर त्याला पुन्हा उठावं लागलं असतं.