नाकातला खडा

निपाणीच्या एका शाळेत मी मराठी शिकवते. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी कन्नड शिकवणाऱ्या बाई बसायच्या. एके दिवशी त्यांनी आपली खुर्ची उचलून खिडकीपाशी नेली. शाळेच्या बोर्डावर कुठली भाषा वर हवी, यावरून त्याच आठवड्यात आमची थोडी वादावादी झाली होती. मला वाटलं, त्याचाच राग. मग मीही बोलणं टाकलं. घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो नुसता हं म्हणाला.

शेवटी मला राहवलं नाही. दुपारी डबा खाताना आम्ही दोघीच होतो, तेव्हा त्यांना विचारलं, माझं काय चुकलं. त्यांनी उठून आधी दार लोटलं.

"रागावू नका आक्का," त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या नाकातनं वास येतोय. लई दिवस झालं. कसं सांगायचं तेच कळंना."

हातातला घास मी परत डब्यात ठेवला. माझी डावी नाकपुडी कायम चोंदलेली असायची, पदराआड रुमाल असायचा. सर्दीच ती, म्हणून मी सोडून दिलं होतं. वास मात्र मला स्वतःला कधीच आला नव्हता.

त्या रविवारी नवऱ्याबरोबर बेळगावला जाऊन सीटी स्कॅन केला. डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. नाकाचा मधला पडदा उजवीकडे वाकलेला, आणि डाव्या बाजूला हाडासारखं पांढरं, बोराएवढं काहीतरी. वाकडा पडदा पुष्कळांचा असतो, त्याचं काही नाही, वास या खड्याचा आहे, असं ते म्हणाले. लहानपणी नाकात काहीतरी घातलं असणार आणि त्यावर थर चढत गेले. मला काहीच आठवेना. मग त्यांनी विचारलं, वास कधीपासून येतोय. मी तोंड उघडायच्या आत नवरा खाली बघून म्हणाला, "लग्न झाल्यापास्नं हाय, डॉक्टर."

येताना गाडीत मी त्याला विचारलं, इतकी वर्षं बोलला का नाहीस. "तुला वाईट वाटलं असतं," एवढंच तो म्हणाला.

दुर्बिणीतून खडा फोडून काढला. आत एक काळा मणी निघाला. माहेरचे सगळे हसले, आई फोनवर कुठल्या पोतीतला तो मणी, ते आठवत बसली. मला हसू येईना. भाचरं झाली तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत मी किती वेळा जवळ वाकून बसले होते. वर्गातली मुलं वही टेबलावर ठेवून लगेच दोन पावलं मागं सरायची, आणि मी तो माझा धाक समजत होते.

आता नाक साफ आहे. तरी परवा मी नवऱ्याला विचारलं, अजून येतो का रं वास. तो न्हाय म्हणाला. खरं बोलतोय का, हे कळायला मला काही मार्ग नाही.